तिसऱ्या पाण्यातलं अत्तर

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याला कोपर मारू नका!

माणूस ओळखायचा कधी? तो दारातून आत येतो तेव्हा, की उठून गेल्यावर?

तुम्ही म्हणाल, बुवा, आल्या आल्याच कळतं! कपडे कळतात, बोलणं कळतं. अन् आमचे पेटीवाले जोशीबुवा तर येण्याच्या आधीच कळतात! काय ते डब्यातलं फुस्सफुस्स मारून येतात — वीणेकरी दोनदा शिंकला आज. हसू नका, जोशीबुवा, सूर धरा. पण कीर्तन संपवून तुम्ही घरी गेलात की त्या फुसफुशीचं मागे काय उरतं? काही नाही! तर आल्यावर ओळखावं की गेल्यावर, एवढाच आजचा प्रश्न. त्याचं उत्तर एका परटिणीनं दिलंय. ऐका.

कृष्णाकाठी वाकुर्ली नावाचं गाव. गावात केशवराजाचं देऊळ. काळा पाषाण, कमरेवर हात नाहीत बरं — हा चार हातांचा देव! कार्तिकात उत्सव. उत्सवाच्या पहिल्या दिवशी देवाला नवा शेला पांघरवायचा अन् शेल्याला अत्तर लावायचं. हे अत्तर देण्याचा मान कुणाचा? तर दस्तगीर अत्तारांच्या घराचा. आजा, बाप, आता दस्तगीर — तीन पिढ्या! उत्सवाच्या सकाळी म्हातारा दस्तगीर पांढरा सदरा घालून पायरीशी यायचा, कुपी पुजाऱ्यांच्या हातात द्यायचा, प्रसादाचं खोबरं घ्यायचा अन् घरी जायचा.

आणि नियम काय? हुंगलेलं फूल देवाला चालतं का? नाही! मग हुंगलेलं अत्तर तरी कसं चालेल? तेव्हा कुपी देवापुढेच उघडायची. पुजारी तात्या काय करायचे — नाकाला उपरणं गच्च बांधायचे अन् मग बूच काढायचे! अन् एकदा शेल्याला लागलं की धूप-कापराच्या घमघमाटात वेगळं काय कळणार? म्हणजे गंमत बघा. गावाच्या देवाला तीन पिढ्या अत्तर लागतंय, अन् ते कसं आहे हे गावात कुणाला ठाऊक नाही!

कुणालाच नाही? एकीला होतं. ठकूबाई परटिणीला.

देवाची वस्त्रं धुण्याचा मान तिच्या घराचा. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं घाटावर उभं करून सांगितलं होतं, "पोरी, देवाचा शेला तीन पाण्यांत धुवायचा. हातानं धुवायचा, आपटायचा न्हाई. आन् नाकाला लावायचा न्हाई. देवाचा वास देवाचा."

ठकूबाईनं मान डोलावली. पहिल्याच साली शेला धुतला, दगडावर वाळत घातला. ऊन चढलं. वारा सुटला. शेल्याचा पदर उडाला अन् — भप्पकन् तिच्या तोंडावर!

आता सांगा, हा गुन्हा कुणाचा? वाऱ्याचा!

पण पुढच्या साली वारा नव्हता. तरी ठकूबाईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वाळलेला शेला उचलला अन् तोंड खुपसून एक श्वास घेतला. एकच! अहो, काय होतं त्यात! उन्हाळ्यात माठाभोवती वाळा बांधतात, तसं काहीतरी गार. मग सहाणेवर उगाळलेलं चंदन. अन् त्याच्याही खाली आणखी काही होतं, ज्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. जन्मात कधी दमडीचं अत्तर न घेतलेली बाई ती. आठ दिवस तिच्या हातांना तो वास होता. भाकरी थापताना यायचा. तिला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत.

अन् मग धास्ती! पाप झालं! म्हणून पुढच्या एकादशीला निर्जळी उपास. पुढच्या साली पुन्हा एक श्वास, पुन्हा उपास. तीस वर्षं, मंडळी! आपण उपास करतो तो साबुदाण्याच्या खिचडीसाठी. तिनं केला तो एका श्वासासाठी. श्रीमंत कोण, तुम्हीच ठरवा.

असो. एका साली काय झालं — शहरातून कोरगावकर शेठ आले. मोठे अत्तराचे व्यापारी. माणूस वाईट नव्हे हो, हौशी होता, देवाला आपलं अत्तर लागावं ही भक्ती होती. सभामंडपात पाटील, पंच, पुजारी तात्या बसलेले. शेठनी नक्षीची काचेची बाटली काढली, तिच्यातलं थेंबभर पाटलांच्या रुमालाला लावलं, अन् सगळा मंडप दणाणला! मोगरा म्हणू नका, केवडा म्हणू नका! एक पंच तर डोळे मिटून डुलायला लागला. त्याला लागली होती झोप, पण शेठना वाटलं समाधी!

हिंदुराव पाटील म्हणाले, "वा! अन् आपलं देवाचं कसं आहे रे, तात्या? गेल्या सालचं उरलंय का? ते तर देवाला वाहून झालेलं. हुंगायला हरकत नाही."

तात्यांनी गेल्या सालची कुपी आणली. पाटलांनी बूच काढलं, नाक लावलं अन् तोंड असं केलं, असं — पोराला पहिल्यांदा काढा पाजावा तसं!

"शी! हे काय? ओल्या घोंगडीचा वास मारतोय!"

पंचांनी एकेकानं हुंगलं. "घोंगडीच!" "कुबट!" "आजवर देवाला हे लावत होतो आपण?"

दस्तगीरला बोलावणं गेलं. म्हातारा आला, खाली उभा राहिला. पाटील म्हणाले, "दस्तगीर, हुंग. तूच सांग."

दस्तगीरनं कुपी हातात घेतली, पण नाकाशी नेली नाही. म्हणाला, "पाटील, आमच्या घरात एक रीत हाय. आज काढलेलं अत्तर ईस वर्सं कुपीत निजवायचं. बापानं निजवलेलं ल्योक देतो. देवाला जातंय ते माझ्या बाचं हाय. देवाची कुपी म्या उघडत न्हाई, तवा कसं लागतंय, मला ठावं न्हाई."

"तुलाच ठाऊक नाही? मग झालं तर! या सालापासून मान कोरगावकर शेठना."

तीन पिढ्यांचा मान, मंडळी, एका वाक्यात गेला.  म्हातारा बूच परत बसवायला लागला. ते बसेना. 

अन् मंडपाच्या खांबाशी, उत्सवाची वस्त्रं द्यायला आलेली ठकूबाई बसली होती. गाठोडं मांडीवर. सगळं ऐकत होती.

तिच्या मनात काय चाललं असेल! तिला ठाऊक होतं हे खोटं आहे. पण सांगायचं कसं? सांगितलं की विचारणार, तुला कसं कळलं? अन् ते कबूल केलं की वस्त्रांचा मान गेला. सासूचं नाव गेलं. गाव म्हणणार, देवाआधी काय काय हुंगलं असेल हिनं, देव जाणे! गप्प बसली तर तिचं काहीच जात नव्हतं. जाणार होतं ते दुसऱ्याचं.

खरं सांगा, तुम्ही असता तर? ... बघा, एकही मान वर नाही. मी असतो तर मीही गाठोडं घट्ट धरून बसलो असतो!

ठकूबाई उठली.

"पाटील, त्ये अत्तर बाटलीतनं कळायचं न्हाई. तिसऱ्या पाण्यानंतर कळतंय."

"तुला काय ठाऊक गं?"

झालं! आलाच प्रश्न. वाऱ्यानं वास आला म्हणाली असती तर सुटली असती. पहिल्या साली तर ते खरंही होतं! पण तिनं बुचाशी अजून झटणाऱ्या दस्तगीरच्या हातांकडे पाहिलं.

"म्या हुंगलं," ती म्हणाली. "दर साली. शेला वाळला की एकदा. तीस सालं झाली."

मंडप पेटला! "देवाचं वस्त्र नाकाला लावलं?" "काय धीर बाईचा!" ठकूबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला अन् तशीच उभी राहिली. 

तेव्हा पुजारी तात्या — जे वर्षातून एकदा बोलायचे — ते बोलले. "अरे, ओरडता काय? देवाच्या अंगावरून उतरलं की ते निर्माल्य. निर्माल्य हुंगायचं, डोळ्यांना लावायचं. मी रोज लावतो! पोरी, सासू तुझी भाबडी होती. तीस उपास फुकट केलेस."

पाटील मात्र पाटील होते. म्हणाले, "पापाचं राहू दे. पण पंचांचं नाक खोटं अन् परटिणीचं खरं, हे कसं मानायचं?"

"मानू नगा," ठकूबाई म्हणाली. "एकाच शेल्याला दोनी लावा. उजव्या पदराला दस्तगीरदादाचं, डाव्याला शेठचं, कोऱ्या बाटलीतलं. देवाला पांघरवा. दुसऱ्या दिशी समद्यांसमोर म्या धुते. मग हुंगा."

बघा हुशारी! देवाआधी कुणी हुंगायचं नाही, नियम शाबूत. अन् परीक्षाही झाली!

पाटील म्हणाले, "कबूल. पण खोटी ठरलीस, तर वस्त्रांचा मानही दुसऱ्या घरी जाईल." म्हणजे आता पणाला दोघांचं लागलं.

उत्सव झाला. दुसऱ्या दिवशी घाटावर ही गर्दी! ठकूबाई गुडघाभर पाण्यात. पहिलं पाणी. गुलाल गेला, चंदनाची उटी गेली. शेठचा पदर अजून घमघमतोय. शेठ गालात हसले. दुसरं पाणी. शेठचा पदर जरा मंदावला. तिसरं पाणी. पिळला, झटकला, काठावर आणला. पाटलांनी डावा पदर हुंगला — नुसती नदी! शेठचं हसू गेलं. मग उजवा हुंगला...

"घोंगडी!" पाटील म्हणाले. "ओली घोंगडीच आहे, ठकू!"

लोक हसले. काही उठलेसुद्धा.  तीस वर्षांत ठकूबाईनं ओला शेला कधी हुंगलाच नव्हता ना! तिला कळेना, आपलं नाकच खोटं की काय? तरी म्हणाली, "सुकू द्या. एवढं सुकू द्या." शेला दगडावर पसरला अन् त्याच्याजवळ उभी राहिली. दस्तगीर खालच्या पायरीवर, मान घालून.

म्हणा माझ्यासंगं —

पहिल्या पाण्यात रंग गेला, दुसऱ्यात गेला थाट ।
तिसऱ्या पाण्यात उरेल त्याची, उन्हात बघू वाट ॥

ऊन चढलं. दगड तापला. एक बाई घागर घेऊन चालली होती, ती थबकली. म्हणाली, "वाळा कुणी भिजवलाय?" मग तिच्या मागचा थबकला. उठून गेलेले परत फिरले.  वाळा आला, चंदन आलं, अन् मग ते खालचं, नाव नसलेलं — मंडळी, थोरल्या माणसानं डोक्यावर हात ठेवला की वाटतं ना, तसं काहीतरी त्या घाटावर उतरलं. पाटलांनी पागोटं काढलं. कशासाठी काढलं हे त्यांनाही कळलं नसेल.

दस्तगीर पायरी चढून वर आला. पदर दोन्ही हातांत घेतला, पहिल्यांदाच तोंडाशी नेला अन् मटकन् खाली बसला.

"बा," म्हणाला. "आक्का, हे अत्तर काढलं तवा मी बाच्या शेजारी बसलोतो. निस्तं आंबट होतं. बा म्हणाला, आत्ता न्हाई कळायचं. बाला जाऊन धा वर्सं झाली. त्येलाबी कवा कळलं न्हाई, कसं झालं त्ये!" अन् साठीचा म्हातारा ढसाढसा रडला.

कोरगावकर शेठ — माणूस खरा नाकवाला! — पुढे आले, शेला डोळ्यांना लावला अन् दस्तगीरच्या पायांशी वाकले. म्हणाले, "चाचा, माझ्या दुकानात सगळं आहे, वीस वर्षांचा दमच तेवढा नाही."

मान दस्तगीरकडेच राहिला, हे सांगायला नको. पण पुढच्या साली उत्सवात मानकऱ्यांच्या हातांना अत्तर लावायची वेळ आली तेव्हा पाटलांनी पहिला हात कुणाचा मागितला? ठकूबाईचा! तिनं लाजून हात पदरातच धरला. म्हणाली, "पाटील, माझ्या हाताला हायच की!"

अजून एक सांगतो, मग तुम्हाला सोडतो. दस्तगीर तिला म्हणाला होता, "आक्का, बाच्या कुप्या अजून धा सालं पुरतील. मग माझी लागंल. मी नसंन बहुतेक. तेवढी तू हुंग, आन् सांग मला."

तसंच झालं. आठव्या साली दस्तगीर गेला. अकराव्या साली त्याची पहिली कुपी देवापुढे उघडली. ठकूबाई आता थकलेली, दिसत नव्हतं, घाट उतरवत नव्हता. सुनेनं शेला तीन पाण्यांत धुतला, वाळवला अन् ओट्यावर सासूच्या हातात दिला. म्हातारीनं तोंड खुपसलं. एकच श्वास घेतला. किती वेळ वरच येईना!

मग शेल्यातनं तोंड काढलं अन् कबरस्तान ज्या बाजूला होतं तिकडे वळून मोठ्यानं म्हणाली —

"दस्तगीरदादा! झालं रं! बाच्यासारखंच झालं!"

तर मंडळी, आता आपलं. तुम्ही-मी सगळे पहिल्या पाण्याचे गडी. चारचौघांत घमघमायचं, फोटोत हसायचं! हा माझा आवाजही पहिल्याच पाण्याचा, उद्या बसला की संपला. पण दुखणं येतं, भांडण येतं, वय येतं — धुणारा कुणाला सोडत नाही. तिसऱ्या पाण्यानंतर आपल्या पदराला काय उरेल? अन् आपल्याला ते कधी कळणारही नाही. ते सांगणार घरातलं माणूस, जे रोज आपल्याला धुतं-वाळवतं. त्याला आज घरी जाऊन विचारा. धीर असेल तर!

आता आमची मंडळी अत्तर लावायला येतायत. हात पुढे करा — पालथा, पालथा! अन् ए भाऊ, लगेच नाकाशी नको. घरी जा. भांडी घासा, लेकराला न्हाऊ घाला, म्हाताऱ्याचे पाय चेपा. उद्या ऊन चढलं की मग हुंगा.

काही उरलं असेल, तर म्हणा केशवराजाला जय. आत्ता नको. उद्या म्हणा!