गुलाबच्या घरचा चहा

…आता तुमीच सांगा, चहा नको म्हनलं, हा का गुन्हा झाला? झाला! तुमाले सांगतो, मे महिना, सौंसरचं ऊन, अन् मी सकाळपासून संत्र्याच्या झाडाले पानी देऊन राहिलो, सोता मात्र एक घोट नाही घेतला… आली डोळ्यापुढं अंधारी. झालं, आमची सून प्रणाली मोबाईल घेऊन बसली अन् निकाल देला, "बाबूजी, चहा बंद. चहानं अंगातलं पानी सुकते." पेत होतो मी दिवसाचे तीन कप, तेबी हाफ… पन नातीच्या डोक्यावर हात ठेवाले लावला तिनं, मंग का बोलता?

अन् त्याच आठवड्यात गुलाबच्या पोरीचं साक्षगंध, साखरपुडाच म्हना. गुलाब म्हंजे माहा तीस वर्षाचा सोबती, बस स्टँडच्या टपरीवर रोज एका चहाचे दोन करून पेनारे आमी. तो बौद्ध, मी कुणबी, टपरीवर कोन इचारते? त्याच्या घरी मात्र चहा कधी पेलो नव्हतो. तीस वर्षात योगच नाही आला… असं मी म्हनतो.

गेलो. इंदू वहिनीनं नव्या कपात चहा आनला, पाव्हने पाहून राहिले, अन् मी का म्हनलो? "नको वहिनी, चहानं अंगातलं पानी सुकते." वहिनीनं कप तसाच आत नेला. पानी तरी मांगून घ्याचं ना, तेबी नाही सुचलं! गुलाब दारापर्यंत सोडाले आला, हळूच म्हने, "टपरीवर नाही सुकत काय रे, हेमराज?"

दुसऱ्या दिवसापासून गुलाब टपरीवर नाही.

डॉक्टरकडं गेलो, तर तो हसून राहिला. म्हने, काका, तीन कपानं काही सुकत नाही, चहाबी पानीच होय, तुमी उन्हात पानी नाही पेले म्हनून चक्कर आली. घ्या! प्रणालीबी म्हने, मंग प्या. इतकं सोपं?

तसाच उन्हात गुलाबच्या घरी गेलो. आतून अद्रकाचा वास येऊन राहिला, जिवात जीव आला. म्हनलं, "वहिनी, चहा मांडा, आज दोन कप घेतो." गुलाबनं खुर्ची देली, गिलासभर पानी देलं. पेलो. चहाची वाट पाहून राहिलो… पाहून राहिलो… शेवटी गुलाबच म्हने,

"चहा नाही होत रे आमच्या घरी. पानी सुकते म्हने."

मंग का करता? अजून एक गिलास पानी मांगतलं. तेवढंच भेटून राहिलं.