बाण्या शर्यत सोडून कुणाकडे गेला

मंडळी, बसा. मागची मंडळी उभी दिसतायत, त्यांनीही बसा. कीर्तनात उभं राहायचा मान माझा, आणि त्यानं माझे पाय दुखतात.

आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. ज्याचा आपल्यावर जीव आहे, त्याला पणाला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हा प्रश्न मला सुचला नाही. तुमच्या वेशीवरच्या बोर्डाने सुचवला. उद्या जत्रेत 'भव्य ग्रेहाउंड रेसिंग' आहे म्हणे. बोर्डावर कुत्र्याचा फोटो एवढासा आणि सरपंचांचा हा एवढा. परगावच्या माणसाला वाटेल, सरपंचच पळणार आहेत. हसा, सरपंचही हसतायत.

पण ग्रेहाउंड रेसिंग म्हणजे काय? ग्रेहाउंड ही विलायती कुत्र्याची जात. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय बांबूसारखे. आपल्याकडे मात्र अशा बांध्याचं कुठलंही कुत्रं पळायला लागलं, की बोर्डावर ग्रेहाउंडच लिहितात. आपलं देशी शिकारी कारवानी असो, नाहीतर मामाच्या गावावरून आणलेलं असो. आणि रेसिंग म्हणजे शर्यत. मोटारसायकल स्टँडवर लावायची, मागच्या चाकाला दोरी गुंडाळायची, दोरीच्या टोकाला चिंधी. गाडी चालू केली की दोरी गुंडाळली जाते, चिंधी जमिनीवरून सशासारखी पळते, आणि तिच्यामागे कुत्री. आपण म्हणतो, शर्यत लागली. कुत्र्याला कुणी विचारलंय, बाबा, तू शर्यतीत आहेस का?

ते राहू द्या. आख्यान ऐका.

सांगोल्याच्या अलीकडं कोरडेवाडी नावाचं गाव. तिथं सिद्राम बंडगर. घरात बायको मायाक्का, दारात मेंढरं, आणि मेंढरांच्या राखणीला बाण्या नावाचं कारवानी कुत्रं. सिद्रामच्या ताटातली भाकरी खाऊन वाढलेलं. मूलबाळ नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला शेपूट होतं.

त्याच गावात पोपटराव खंडागळे, बागायतदार. त्यांनी पंजाबातून ग्रेहाउंड आणला. कुत्र्याला कूलर. एकदा चहाच्या टपरीवर पोपटराव म्हणाले, "सिद्रामा, माझा गडी पळाया लागला की तुझ्या बाण्याला नुसती धूळ दिसंल."

सिद्रामनं गप चहा प्यावा की नाही? पण चार माणसं ऐकत होती. चार माणसं ऐकत असली, की आपल्या तोंडातून पाचवाच कुणीतरी बोलतो.

"लावा मग, आण्णा. जत्रंत हरलो, तर बाण्या तुमचा."

"आणि जिंकलास, तर माझा गडी तुझा. कूलरसकट."

घरी येऊन सांगितलं. मायाक्का भाकरी थापत होती.

"काय लावलंसा?"

"बाण्या."

"मला लावायचं सुचलं न्हाई व्हय? निदान मी बोलले तरी असते."

पण शब्द गेला होता. सराव सुरू झाला. आता चूक कुठं झाली ते नीट ऐका. इतर लोक सरावाला सशाच्या कातड्यासारखी केसाळ चिंधी बांधतात. सिद्रामकडं ती नव्हती. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि दोरीला बांधला. मोटारसायकलही नव्हती, सायकल उलटी केली. माळाच्या एका टोकाला मायाक्का बाण्याला धरून, दुसऱ्या टोकाला सिद्राम पायडल हातानं फिरवतोय. पटका पळायचा, बाण्या मागं सुटायचा, आणि पटका संपला की समोर सिद्राम. सिद्राम त्याला कुशीत घ्यायचा, गुळाचा खडा द्यायचा, आणि तोच पटका झटकून पुन्हा डोक्याला बांधायचा.

मायाक्का म्हणाली, "अवं, ते पटक्यामागं पळतंय का तुमच्यामागं?"

"पळतंय न्हवं? झालं तर."

जत्रेचा दिवस उगवला. मैदान भरलं. आयोजकांनी शेवटची रेघ मोकळी ठेवलेली, तिथं पंच सोडून कुणाला थारा नाही. म्हणून सिद्राम अर्ध्या वाटेवर, मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीबाहेर, गर्दीत उभा राहिला. डोक्याला तोच पटका, शुभ म्हणून. सुरुवातीच्या रेघेवर मायाक्कानं बाण्याला कमरेला धरलं.

शिट्टी झाली. चिंधी सुटली. कुत्री सुटली.

आणि बाण्या पुढं. पोपटरावांचा ग्रेहाउंड दोन हात मागं. लोक टाचा उंचावून बघतायत. सिद्रामच्या डोळ्यांत पाणी. त्याला राहवलं नाही, तो ओरडला, "बाण्या, पळ रं माझ्या राजा."

बाण्यानं मान वळवली. पटका दिसला. पटक्याखालचं तोंड दिसलं.

मंडळी, त्या जनावरानं काय करावं? जिंकत होतं. पुढं चिंधी होती, मागं जत्रा होती. त्यानं सगळं तिथंच टाकलं, वळलं, दोरीखालून घुसलं, आणि सिद्रामच्या छातीवर दोन पाय ठेवून त्याचं तोंड चाटायला लागलं. ग्रेहाउंड रेघ ओलांडून गेला. गाव पोट धरून हसलं. एकटा सिद्राम हसला नाही. कारण त्याला कळलं होतं, आपण काय हरलो.

संध्याकाळी बाण्याची साखळी त्यानं स्वतःच्या हातानं पोपटरावांना दिली. मायाक्का आली नाही. तिनं घराचं दार आतून लावलं होतं.

पुढं? पोपटरावांनी बाण्याला कूलर लावला, मटण घातलं, रोज चिंधी फिरवली. बाण्या बसून राहायचा. चिंधी गेली, चिंधी आली, हा बघायचासुद्धा नाही. शेवटी पोपटरावांनी नोकराकडून निरोप पाठवला: "तुझा पटका दे, दोरीला बांधायचाय."

सिद्रामनं पटका काढला. मायाक्का एवढंच म्हणाली, "कुत्रं दिलंसा. आता वास बी देणार?"

सिद्राम उठला आणि स्वतः पोपटरावांच्या वाड्यावर गेला.

"आण्णा, पटका देत न्हाई. त्याच्या टोकाला मी असतो, असं त्याला वाटतं. एकदा फशिवला, पुन्हा न्हाई जमायचं. त्यापरीस मला ठिवा. त्याची घाण काढीन, पडवीत पडून ऱ्हाईन."

"कुत्र्यापायी चाकरी करतूस?"

"व्हय."

पोपटराव वाईट माणूस नव्हता, नुसता श्रीमंत होता. त्यांनी कोपऱ्यात बघितलं. सिद्रामचा आवाज ऐकून बाण्या उभा राहिला होता. साखळी ताणून गळा आवळला होता, तरी ओढत होता. पोपटराव म्हणाले, "आरं, हे पळत न्हवतंच कधी. हे शोधतंय. असलं जनावर घिऊन मी काय करू? सोड त्याला."

सिद्राम साखळीपाशी गेला, पण त्याचा हात पुढं होईना. आपणच विकल्यासारखं दिलेलं. आता हे आपल्याकडं येईल का? त्यानं साखळीचा खिळा काढला आणि मान खाली घालून उभा राहिला.

बाण्या आला. रुसला नाही, जाब विचारला नाही. आपण असतो, तर आधी नातेवाइकांची बैठक बोलावली असती.

आता माझ्याकडं बघा. सिद्रामला हसलात, ठीक. पण देवापुढं तुम्ही काय बोलता? "पोराला नोकरी लागू दे, मग पेढे. कोर्टाचा निकाल लागू दे, मग अभिषेक. नाही लागला, तर तुझं तोंड बघणार नाही." म्हणजे देव पणाला लावला की नाही? तुमच्या हरण्या-जिंकण्यावर त्याची साखळी कुणाच्या हातात जायची ते ठरणार. आणि तो बिचारा सगळं वैकुंठ टाकून तुमच्या छातीवर पाय ठेवायला आला, तर तुम्ही म्हणता, अरे, शर्यत हरलास.

उद्या सकाळी देवळात जाल. एक दिवस काहीच मागू नका. नुसते उभे राहा. तुम्ही त्याचे आहात, एवढं त्याला दिसू द्या.

बोला, विठ्ठल विठ्ठल.