शेपटी समोर हलते तेव्हा

आई : नाही म्हणजे नाही, खारू. काका काय म्हणाले ऐकलंस ना? तो लाल टेट्रा मासा चावतो.

खारू : थोडासाच चावतो.

मासेवाला : थोडासा? अगं, गप्पीची अर्धी शेपटी कुरतडली त्यानं. म्हणून तर या बरणीत एकटा काढून ठेवलाय. ताई, तुमच्या घरच्या काचेच्या टाकीत गप्पी मासे आहेत म्हणालात ना?

आई : हो. आणि शेपट्या कसल्या, पदरच सोडलेत एकेकानं.

मासेवाला : मग याचं नावच काढू नका. टेट्रा सगळे एका आईची लेकरं दिसतात, पण स्वभाव एकेकाचा निराळा. हे निऑन टेट्रा घ्या. गरीब गाय! तोंडात बोट घातलं तरी चावायचे नाहीत.

खारू : मला गाय नकोय. आणि काका, तो रागानं नाही चावत.

मासेवाला : मग कशानं चावतो?

खारू : शेपटी समोर सारखी हलते ना... अशी... अशी. मग तोंड आपोआप जातं.

आई : तुला बरं माहीत!

खारू : असंच.

आई : खारू, इकडे बघ. शाळेत त्या मुलीची वेणी का चावलीस, म्हणून किती दिवस विचारतेय मी. तुझं आपलं एकच, ‘माहीत नाही.’

खारू : तेव्हा माहीत नव्हतं.

मासेवाला : वेणी चावली?

खारू : रिबिनीसकट. माझ्या पुढेच बसते ती. मान हलवली की वेणी डोलते.

आई : हसू नका हो भाऊ.

मासेवाला : छे, ठसका लागला. पण ताई, घरात तुमची वेणी कशी वाचली?

खारू : आई अंबाडा बांधते.

आई : अस्सं! म्हणून काल ‘आई, केस सोड ना’ चाललं होतं!

मासेवाला : तसा हाही काही जातीचा गुंड नाही. दहा-बारा भाऊबंदांत असला की आपसांत पळापळी करतो, त्यातच त्याची हौस फिटते. एकटा पडला की जास्त चावरा होतो.

आई : मग एकटा का ठेवलाय?

मासेवाला : आता... चावला म्हणून.

खारू : मलापण.

आई : काय तुलापण?

खारू : बाईंनी मला खिडकीपाशी बसवलंय. एकटीला. डबापण तिथेच खायचा.

आई : हे आधी का नाही बोललीस?

खारू : तू नुसतं ‘का चावलीस’ विचारत होतीस.

आई : भाऊ, आठ निऑन द्या. आणि खारू, उद्या मी येते शाळेत. बाईंशी बोलते. सगळ्यांत पुढे बसशील? तिथे समोर कुणाची वेणी नसते.

खारू : बाईंची असते.

आई : खारू!

खारू : लांब आहे ती. पोचणार नाही.

मासेवाला : हं, हे तुझे निऑन. पिशवी खालून धर.

खारू : काका, त्यालापण टाका ना त्याच्या भावांत.

मासेवाला : आणि त्यांना चावला तर?

खारू : तेपण चावतील की. मग फिटंफाट.

मासेवाला : बरं बाई, तू म्हणशील तसं.

(तो जाळी घेऊन बरणीत हात घालतो.)

खारू : हळू टाका हं. आधी सगळे त्याच्याकडेच बघतील... नंतर विसरतात ना, आई?