बंडा सुतार निवद घेऊन गेला ती रात

अंधार पडला आन् बंडा सुतार डोक्यावर निवदाची बुट्टी घेऊन एकटाच गावाबाहेर निघाला. अवसेची रात. पुसाचा म्हयना. थंडी अशी की दातावर दात वाजत्यात. ऐका रं, ऐका! पण शेंगा फोडत ऐका. तुमचा हात थांबला की माझं तोंडबी थांबलं, आधीच सांगून ठेवते.

तर बंडा निघाला. आन् निघाला कोण? ज्यानं जन्मात कुठल्या देवाला हात जोडला न्हाई, त्यो! देवळाचं दार त्यानं केलं. भैरोबाची पालखी त्यानं केली, अशी की चार गावची माणसं बघायला यायची. पण पालखी उठली की समदं गाव वाकायचं, आन् ह्यो बाजूला हुबा. दांड्याचा सांधा किरकिरतो का, ते ऐकत! "देव आन् भूत दोन्ही माणसाच्या डोस्क्यात," म्हणायचा. तेबी पारावर बसून, मोठ्यांदा.

आन् ह्याचा जिवाभावाचा दोस्त कोण? आमचं मालक. तातोबा गुरव. त्याच भैरोबाचे पुजारी! हसताय काय? खरं सांगते. रोज सांजच्याला दोघं आमच्या सोप्यात बसायचे आन् देव हाय का न्हाई ह्याच्यावर भांडायचे. मी च्या टाकून टाकून दमून जायची. एकदा तर म्हणलं, देव असो नसो, साखर संपली, आता उठा!

पण बंडा देवळात शिरताना पायताण बाहेर काढायचा. "देवासाठी न्हाई, तातोबासाठी," म्हणायचा. आन् आमच्या मालकांनी त्याच्या कपाळाला बळंच अंगारा कधी लावला न्हाई. लावू बघणाऱ्या दुसऱ्यालाबी हटकायचे.

आता निवदाचं ऐका. जत्रेच्या आदल्या राती, अवसेला, शिवेवरच्या म्हसोबाला निवद जातो. गुरवानं न्यायचा. एकट्यानं. आन् मुक्यानं! बुट्टी वाटेत खाली टेकवायची न्हाई. मागं वळून बघायचं न्हाई. घरी परत येस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. कुत्रं अंगावर आलं तरी हाड म्हणायचं न्हाई! निवद पोचला की मगच सकाळी पालखी हलणार. आमच्या सासऱ्यांनी नेला, त्यांच्या बानं नेला. एकदाबी चुकला न्हवता.

आन् त्या साली काय झालं? तोरण बांधताना मालक शिडीवरनं पडले. मांडीचं हाड मोडलं! हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून खाटेवर टाकले. भावकीत दुसरा गडी न्हाई. बाकीचे? अवसेला, शिवेवर? कुणाच्या पोटात दुखाया लागलं, कुणाची म्हस व्यायला झाली. दिवस मावळला. मालक म्हणाले, "मी सरपटत जातो." आन् खरंच खाटेवरनं खाली उतरले की वो! मी रडतीया, धरतीया, ते काय ऐकत न्हाईत. वेदनेनं तोंड पांढरंफटक पडलेलं. म्हणत्यात, "माझ्या हातनं चुकला तर मी जगून काय करू?"

तेवढ्यात बंडा आला. बघितलं. म्हणला, "गप पड तातोबा. मी जातो."

"तुझा इस्वास न्हाई, बंडा."

"नसू दे. तुझा हाय न्हवं? काय काय करायचं ते सांग. त्यातलं एकबी चुकवणार न्हाई."

मालकांनी समदं सांगितलं. मुक्यानं जा. मागं बघू नगं. बुट्टी टेकवू नगं. समदं सांगितलं, आन् एक सांगायचं ऱ्हायलं. गाडीवाटेनं जा, हे सांगायचं ऱ्हायलं! का? अवो, पाणंदीनं रातचं जायचं कुणाच्या सपनातबी येत न्हाई. जी गोष्ट कुणी करतच न्हाई, ती करू नगं म्हणून कोण कशाला सांगतंय?

पण बंडा पडला सुतार! त्याला आपलं वाटलं, गाडीवाट सगळी वाकडी, डोंगराला वळसा घालून जाती. पाणंद कशी सुतात सरळ. शिरला की पाणंदीत!

ती पाणंद तुम्ही दिवसा बघितलीया. दोन्ही अंगाला निवडुंग, आन् पुढं कुंपण संपलं की उजव्या हाताला दगडाची जुनी खाण. काठाला दगूड न्हाई, कुंपण न्हाई. खाली काळं पाणी. त्या खाणीवर चकवा हाय म्हणत्यात. चकवा काय मारत न्हाई हो. वाट फिरवतो. माणसाला वाटतं मी सरळ चाललोय, आन् त्यो आपला गोल गोल फिरतोय, फिरतोय, शेवटाला जातो खाणीत.

पुढचं मी बंडाच्याच तोंडून ऐकलंय, तवा मीठमसाला माझा न्हाई. बरं, थोडा असंल.

पाणंदीत शिरला आन् धुकं उतरलं. कसलं धुकं! डोळ्यापुढं धरलेला हात दिसंना. कंदील मनगटात अडकवलेला हुता, पण उजेड जागच्या जागी. चालला. चालला. आन् बुट्टी जड व्हाया लागली. दहीभात आन् पाच पोळ्या, त्याचं वजन ते किती? पण मानंवर ओला सागवान ठेवल्यागत! मान लटालटा हलाया लागली. वाटलं, टेकवावी. घटकाभर. टेकवली न्हाई!

मग म्हातारीचा आवाज. अगदी पायाशी. "ए बाबा, चिमूटभर तंबाखू दे की." बंडाच्या कमरेला चंची हुती. हात गेलाबी चंचीकडं. तोंडातनं "घे" निघणार, तवर ध्यान आलं. व्हट दाताखाली धरला, चालला.

मग पाठीमागनं बायकोचा आवाज! "अवो, थांबा! घराला आग लागलीया! मागं बघा, जाळ दिसतोय बघा!" आन् पाठीवर ऊब लागली. थंडीत ऊब! आता तुम्ही काय केलं असतं? मी तर वळले असते बाई. बंडा थबकला. पण मागं बघितलं न्हाई. मनात म्हणला, घराला आग लागली असती तर ही अशी मला सांगत बसली असती का? घागर घेऊन पळाली असती. चालला!

आन् मग, ऐका, आता जवळ या. मग त्याच्या शेजारनं कुणीतरी चालाया लागलं. पावलाला पाऊल. बोलाया लागलं. आन् आवाज कुणाचा? बंडाचा सोताचा!

"काय बंडा," म्हणला, "देव माणसाच्या डोस्क्यात न्हवं? भूत डोस्क्यात न्हवं? मग गप का? बोल की एक शबूद. ठेव बुट्टी, बस, बिडी वढ. कोण बघतंय? म्हसोबा म्हणजे दगूड, तूच म्हणतोस. सकाळी तातोबाला सांग, पोचला. त्याला काय कळतंय?"

आता हाय का! म्हातारीचं सोंग कळतं, बायकोचं सोंग कळतं. पण हितं तर बंडाचंच बोलणं, पारावरचं. त्यातला एकबी शबूद त्याला खोडता येईना. बंडा मला म्हणायचा, "वहिनी, आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली न्हाई. कारण त्यो खरं बोलत हुता." बुट्टीला दोन्ही हात लावले त्यानं. खाली घ्यायला. आन् तवा त्याला आमचे मालक दिसले, खाटेवरनं उतरताना, तोंड पांढरंफटक. म्हसोबा दगूड असंल, पण तातोबा तर दगूड न्हाई! बंडानं बुट्टी परत डोक्यावर नीट बसवली. पाणी आलं डोळ्याला. पुसलं न्हाई, हात मोकळा न्हवता.

हिकडं गावात काय चाललं हुतं? बंडा यायची येळ टळून गेली. तेवढ्यात दामू धनगर सांगत आला, "बंडाला पाणंदीत शिरताना बघितला. हाक मारली, बोलला न्हाई." झालं! मालकांनी कपाळाला हात लावला. पाटील म्हणले, "भैरोबाला साकडं घाल." मालक म्हणले, "घातलं. पण त्यो काय देवाच्या हाकंवर येणारा गडी न्हाई. त्याला ऐकू जाईल असं कायतरी पायजे." आन् मला म्हणाले, "मला उचल. नगाऱ्यापाशी न्हे."

नगारा! शेजारती झाली, देव निजला, की पहाटंच्या आरतीस्तवर नगारा झाकलेला असतो. त्याला बोटबी लावायचं न्हाई. त्यात ही निवदाची रात! पाटील आडवे आले. "गुरवा, देव उठंल!"

मालक काय म्हणले ठावं हाय? "देव उठला तर मी त्याच्या पाया पडीन. बंडा खाणीत पडला तर मी कुणाला इनवू?"

मी आन् दामूनं त्यांना धरून नेलं. आन् मालकांनी झाकण उपसलं, आन् टिपरू हाणलं!

तिकडं बंडापुढं पांढरी वाट पसरलेली. सपाट, चकाचक! टोकाला म्हसोबाचा दिवा मिणमिणतोय. आलीच शिव! पाय उचलला त्यानं, आन्...

धडाड! धूम!

नगारा! पण नगारा वाजला कुठनं? गाव पाठीमागं ऱ्हायलं न्हवं? मग आवाज पाठीमागनं यायला पायजे. आवाज आला उजव्या कानाला! म्हणजे त्यो कुठंतरी वळला हुता. मग ही पुढची वाट कसली? उचललेला पाय तसाच धरला. अंगठ्याचा धक्का लागून एक दगूड सुटला. गेला. गेला. आवाजच न्हाई. आन् मग लांब खाली... डुबुक!

काय, अंगावर काटा आला न्हवं? माझ्याबी येतो, अजूनबी.

मग त्यानं काय केलं? नगारा पाठीवर घेतला. म्हणजे असा वळला, असा वळला, आवाज बरोबर पाठीच्या कण्यावर येईस्तवर वळला. आन् निघाला. डाव्या कानाला आवाज आला की थोडं सरकायचं, उजव्याला आला की थोडं सरकायचं. सुतार माणसाला सरळ रेघ काय शिकवायची? मागं बघायची गरजच ऱ्हायली न्हाई. आवाज मारत हुते, "बंडा ए बंडा, ठेव की रं!" पण नगारा त्यांच्यावरनं धडाडत हुता. निवद पोचला. म्हसोबाच्या पुढ्यात, सांगितला तसा, पानावर. आन् येताना नगारा तोंडावर घेऊन आला, गाडीवाटेनं.

तांबडं फुटलं तवा देवळाच्या पायरीशी आला. पायताण काढलं. मालक अजून बडवतच हुते. हाताला फोड आलेले, फुटलेले. बंडानं मुक्यानंच टिपरू काढून घेतलं. मग पाटलांनी पोचला का म्हणून इचारलं, तर ह्यानं मान हलवली. आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर पयला शबूद काय बोलला? "कान किटले की रं माझे!"

आन् दोघं असे रडले, असे रडले, मला तर बघवंना. मीबी रडले.

मग च्या झाला. मालक म्हणाले, "चकवा हुता न्हवं?" बंडा म्हणला, "धुकं हुतं. थंडी हुती. भ्यालेल्या माणसाचं डोस्कं लई सोंगं काढतं." मालक म्हणाले, "आन् भैरोबानं मला नगारा सुचवला!" बंडा म्हणला, "तुला तुझ्या काळजानं सुचवला." झालं सुरू! मांडीला कामट्या, हाताला पट्ट्या, पण भांडण काय थांबंना. पालखीचे बोलवायला आले तरी ह्यांचं चालूच. मी दोघांस्नी भाकरी वाढली आन् बाहेर जाऊन पोटभर हसले. जगात माझ्यागत सुखी बाई त्या दिशी दुसरी नसंल.

भैरोबाचा काय कोप झाला न्हाई. पाऊस चांगला झाला उलट. मालक म्हणायचे, देवानं माफ केलं. बंडा काय म्हणायचा ते तुम्हीच वळखा.

जलमभर दोघांचं एकमत झालं न्हाई. झालं ते एकाच गोष्टीवर. त्या पाणंदीनं रातचं जायचं न्हाई! मालक सांगायचे, तिथं चकवा हाय. बंडा सांगायचा, तिथं खाण हाय. पण कुणी रातचं त्या बाजूला वळलं, की दोघंबी एकदमच उठून आडवे व्हायचे.

आता तुम्ही इचारणार, आक्का, खरं कुणाचं? मला काय ठावं? ज्याला देव पटत न्हवता, त्यानं देवाचा नेम पाळला. ज्याचा देव हुता, त्यानं देवाचा नेम मोडला. दोघांनी कुणापायी केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आन् मला तेवढं पुरतं.

चला, उठा आता. शेंगा झाल्या. तो कंदील घ्या, एकमेकाच्या संगतीनं जावा. आन् गाडीवाटेनं जावा रं. चकवा माना, खाण माना, काय मानायचं ते माना. पण गाडीवाटेनं.