काठोकाठ भरलेला प्याला

कझाक सीमेवरच्या टँकरांच्या रांगेत बुर्मा वाळल्या दह्याच्या गोळ्या विकत होती. तिच्यासमोरच तरुण एर्मेक टँकरचा नळ उघडून गावभराचं दूध खड्ड्यात सोडायला निघाला, आणि म्हातारे जापार आजोबा थर्मास घेऊन आडवे आले.

“कुणाला खरं वाटणार नाही, पण ही सीमा एका चहाच्या प्याल्यापायी बंद पडलीय!”

“सरका, आजोबा. संध्याकाळपर्यंत हे नासणारच आहे.”

“ऐक तर! दुधाच्या कराराची बोलणी रंगात आली होती. तेवढ्यात तिकडच्या नवख्या पोरीनं आपल्या किरगिझ मंत्र्याचा प्याला काठोकाठ भरला.”

“काठोकाठ? म्हणजे ‘निघा आता’!”

“मग! बसवून घ्यायचं तर अर्धाच ओततात ना? मंत्री उठला तो थेट घरी!”

“आणि आता?”

“आता तिथं माझी सून चहा ओततेय. अर्धा-अर्धा. दुपारी फाटक उघडतंय बघ.”

बुर्मानं हसू डोक्याच्या रुमालात दाबलं. एर्मेकचा हात नळावरून खाली आला.

“थापा मारताय, आजोबा. एकुलत्या एका पोराचं लग्न जमत नाही म्हणून सकाळीच रडत होतात!”

जापार आजोबांनी हसत थर्मासचं झाकण उघडलं.

“बरं, ओता. अर्धाच.”