गोळीवर पपनस

सुंदरराव सकाळी अंगणात चक्कर येऊन पडले. त्यांना गेवराईच्या दवाखान्यात आत नेलं होतं आणि वनमालाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सासू पपनस सोलत होती, तेव्हा सुनेनं विचारलं,

"आत्याबाई, ते कावून सोलताय?"

"मामांजींसाठी तुझ्या. साल जाड हाय, पन आत लई रसाळ. सालीचा मुरंबा बी करते मी."

"मुरंबा बी नको. त्यांच्या बीपीच्या गोळीसंगं पपनस चालत न्हाई म्हनले डाक्टर."

"फळानं काय होतंय?"

"गोळीचा जोर वाढतो. बीपी एकदम खाली जातं आन् मानूस चक्कर येऊन पडतं."

वनमालाबाई सुनेकडे वळल्या.

"बाई, कोनती गोळी ती?"

सुनेनं पाकीट दाखवलं. तसलंच पाकीट वनमालाबाईंच्या पिशवीत होतं. त्या उठल्या आणि सरळ आत गेल्या.

"डाक्टर, मालकांना रोज गोळीवर मीच पपनस सोलून देते. परड्यातलं."

डॉक्टरांनी लिहिता हात थांबवला. काही बोलणार, तेवढ्यात खाटेवरून सुंदरराव हळूच म्हणाले,

"तिला बोलू नका. मीच मागून खात होतो."