चार नंबरच्या मशीनचं तेल

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तूच होय! बरं झालं फोन केलास. मी तुलाच लावत होते, बोट सारखं भलत्याच आकड्यावर पडतंय… नाही नाही, माझी तब्येत ठीक आहे. यांचीही ठणठणीत आहे, तेच तर दुखणं आहे… सांगते ना. बसलीयस का तू?… स्टुलावर नको. पाठ असलेली खुर्ची घे, मग बोल.

बसलीस?… ऐक. आपल्या चिंगीने आज कारखान्यात चोर पकडला.

हो, ड्रोनने. दुसरं कशाने? ड्रोन विभागाची प्रमुख ना लेक माझी… तोच तो, घारीएवढा… बरं, बगळ्याएवढा… बरं बाई, ताटाएवढा! ताटाएवढा ड्रोन, चार पंख्यांचा. झालं समाधान?

तर चोर कोण असेल?… चूक… वॉचमन कशाला असेल बिचारा?… अगं हे!… हे म्हणजे हेच! माझे! तुझे भावोजी!

हॅलो?… हसतेस काय? हसू नकोस… मांजराने दाराची बेल वाजवली म्हणून सांगितलं होतं, ते वेगळं. ती माझी करमणूक होती. आज तुझी शपथ… बरं, माझी शपथ, तू कशाला मध्ये मरतेस!

पहिल्यापासून सांगू?… मग मध्ये बोलायचं नाही.

यांनी एकतीस वर्षं ज्या शेडमध्ये फिटर म्हणून काढली ना, ती आता आपोआप चालते. आत माणूसच नाही. दिवेसुद्धा नाहीत… अगं यंत्रांना काय करायचाय उजेड? त्यांना काय पेपर वाचायचाय? पोलादी हात इकडून उचलतात, तिकडे ठेवतात. बिनड्रायव्हरच्या गाड्या धावतात. आणि वरून चिंगीचा ड्रोन घिरट्या घालतो. कुठे गरम झालंय, कुठे गळतंय, सगळं टिपतो… हो, अंधारातही दिसतं त्याला. उष्णता दिसते म्हणे.

आता चार महिने झाले, रोज अकराच्या सुमाराला कॉम्प्युटर बोंबलतो. चार नंबरच्या मशीनमध्ये तेल गळतंय! चार नंबरमध्ये तेल गळतंय!… अगं, गळेना का, पण त्या मशीनमध्ये तेलच नाही ना! थेंबभर नाही. सगळं सीलबंद, तेल लागतच नाही अशी नवी जात आहे ती… तेच म्हणते मी! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण येत होतं. रोज!

तीनदा मशीन उघडलं. बाहेरून इंजिनिअर आले, टाय लावून आत गेले आणि टायला तेल लावून बाहेर आले. आणि खापर कोणाच्या डोक्यावर? चिंगीच्या. तुमचा ड्रोन दिवसभर फिरतो आणि एवढं सापडत नाही? आज चार वाजता मोठ्या साहेबांसमोर कारण सांगायचं, नाहीतर काम सोडायचं. पोर आठवडाभर नीट जेवली नाही गं.

हो, हो… तिथेच येतेय.

ड्रोन अकरा ते साडेअकरा चार्जिंगला बसतो. हे आम्हाला कसं ठाऊक? तर ही चिंगीच रोज जेवताना सांगायची. आणि हे मान खाली घालून जेवायचे. मला वाटायचं, ऐकायला कमी येतंय… कमी कुठलं! एकेक अक्षर गाठीला बांधत होते!

काल मात्र ती ड्रोनबद्दल काही बोलली नाही. आणि आज गुपचूप पावणेअकरालाच दुसरा ड्रोन वर नेऊन ठेवला, छताजवळ. अकरा वाजून चार मिनिटांनी मागचं दार उघडलं… ते जुनं, लोखंडी. पुढे सगळी कार्डाची कुलुपं बसवली, त्या दाराला विसरले. आणि किल्ली यांच्याकडे! निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, कुणी परत मागितली नाही, यांनी दिली नाही.

मग आत काय आलं, तर एक लाल ठिपका. लाल म्हणजे गरम. खाली अंग पिवळं, आणि वर टक्कल लालभडक!… अगं हस, हस. ती नाही हसली. हातात तेलाची बुधली, आणि चालताना डावा पाय जरा ओढत. आपल्या बापाची चाल पोरीला अंधारातही कळते गं…

हो… हो ना… पाणी पिते थांब जरा.

…हां. तिने मला फोन केला. आई, बाबा रोज सकाळी कुठे जातात? मी म्हटलं, बागेत, फिरायला. तर म्हणाली, आई, ते माझ्या शेडमध्ये फिरतात.

अगं, तेलाचं राहू दे, त्या गाड्यांमधून हा माणूस जात होता! म्हणे सातपर्यंत अंक मोजायचे, एक गाडी जाते, मग पलीकडे जायचं. चार महिने! सहावरच पाय उचलला असता म्हणजे? अंधारात कुणाला कळलं असतं? मी इथे ताट वाढून वाट बघत बसले असते…

नाही, रडत नाहीये.

विचारलं ना! हे घरी आल्या आल्या विचारलं. म्हटलं, बागेत कोणती फुलं फुललीत? म्हणाले, नेहमीचीच. म्हटलं, त्यांचा वास मशीनच्या तेलासारखा येतो का? खाली बसले गं, तिथेच, चपलांच्या शेजारी. म्हणाले, त्या जागेवर माझं मशीन होतं. हे नवं कोरडं चालतं, मला ऐकवत नाही. मी म्हटलं, अहो, त्याला तेल नको असतं! तर म्हणे, उद्या म्हणाल माणसाला पाणी नको.

म्हटलं, पोरीला चार महिने झोप नाही, हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला? ठाऊक कुठलं! तेल गळतंय हे ती मला एकटीलाच सांगायची. यांना वाटलं, तेल घातल्यामुळे मशीन चाललंय. यांना वाटलं, आपण पोरीची अब्रू राखतोय!

आता मोरीत आहेत. पाऊण तास हात धुतायत.

मी? मी चिंगीला सुचवलं ना. म्हटलं, सांग, घुबड होतं. तापलेलं घुबड… म्हटलं, सांग, ड्रोनलाच ताप आला होता. आई गप्प बस, म्हणाली. व्हिडिओ दाखवला तर बापाला पोलीस, लपवला तर तिचं काम गेलं. तूच सांग काय करायचं तिने?… तुलाही नाही ना सुचत? मला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचेना…

थांब. थांब गं, मेसेज आला. चष्मा कुठे… डोक्यावरच आहे. तू बोलू नकोस, वाचते.

‘आई, व्हिडिओ दाखवला. नाव लिहिलं. नातंही लिहिलं.’

अगं आई गं.

हो… ऐकते आहेस ना? नातंही लिहिलं म्हणे… पुढे आहे अजून. ‘पोलीस नाहीत. माझी नोकरी टिकली. उद्या मागचं दार वेल्डिंग करून बंद करणार. बाबांना कारखान्यात कायमची बंदी.’

बापाचं नाव… स्वतःच्या हाताने… नाही, तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण हात कसा उचलला असेल गं?

आले. बाहेर आले हे… हळू बोल. मागे उभे आहेत… अहो, असे बघू नका, घ्या, वाचा तुम्हीच… वाचतायत.

ओठ हलतायत नुसते… थांब… काय? काय म्हणालात?… अगं, म्हणतायत, रिपोर्ट असाच लिहायचा असतो, नाव आणि वेळ घालून. वेळ घातली का, विचार तिला… काय?… आणि म्हणे, नुसत्या कडीला वेल्डिंगचे टाके मारून भागणार नाही. बिजागरीच्या बाजूनेही मारा, नाहीतर ते दार उचकटतं. किल्ली विसरली की हे उचकटायचे म्हणे!

आता बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसलेत. असं कधी पाहिलं नव्हतं गं मी यांना…

थांब, मध्ये टुकटुक वाजतंय. तिचाच फोन येतोय… अहो, चिंगी आहे. बोलता?… नाही म्हणतायत… अहो, ती तिथे एकटी उभी असेल हो, जिन्यात कुठेतरी… नाही गं, तुला नाही, यांना सांगतेय… परत वाजतंय…

हात पुढे केला! अगं, फोनसाठी हात पुढे केला यांनी! ठेव तू. मागून सांगते सगळं, ठेव आधी… नाही, एक शब्द नाही, ठेव, ठेव!